तार आणि बारा खिसे

माझी मुलगी पुण्यात कंप्युटरचं काम करते. मागच्या उन्हाळ्यात घरी आली तेव्हा तिचं एक काम अडलं होतं. ऑफिसची जुनी ईमेलं आणि भेटीगाठींच्या तारखा तिला स्वतःच्या कंप्युटरवर उतरवून ठेवायच्या होत्या, पण त्या कोणत्या पद्धतीच्या फायलीत ठेवाव्यात ते ठरत नव्हतं. मी मेथी निवडत बसले होते. सहज विचारलं, तर बाईसाहेबांनी मला लहान मूल समजून सांगायला घेतलं. एका पद्धतीत म्हणे सगळी पत्रं आली त्या क्रमाने एकाच लांबलचक फायलीत एकाखाली एक चिकटवायची. दुसरीत प्रत्येक पत्राची वेगळी फाइल करून कप्प्यात ठेवायची. तारखांचं आणखी निराळं, कारण तारीख कोणी कशीही लिहितं, ती आधी एका साच्यात बसवावी लागते. एवढं सांगून झाल्यावर म्हणाली, "जाऊ दे आई, तुला नाही कळायचं."

मला आधी राग आला आणि मग हसू फुटलं. म्हटलं, "बाई, हे भांडण तुझ्या जन्माआधी केनवडला झालंय आणि ते मी जिंकलेय." तिने लॅपटॉप मिटला आणि मेथीची अर्धी जुडी स्वतःकडे ओढली. तेव्हा तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

मी वाशीमची. वडील रेल्वेत होते. शाळा सुटली की मी स्टेशनवर जाऊन तिकीटखिडकीच्या आतल्या बाजूला उभी राहायची. तिथे भिंतीला लाकडी खण होते आणि प्रत्येक गावाची तिकिटं वेगळ्या खणात असत. खिडकीतून कोणी गावाचं नाव घेतलं की बाबू न पाहता हात घालून तिकीट काढायचे. मला ते फार आवडायचं. मॅट्रिक झाले आणि चौऱ्याहत्तरच्या थंडीत माझं लग्न होऊन मी केनवडला आले. तेव्हा वाशीम हा जिल्हा नव्हता, आम्ही सगळे अकोल्याचे.

सासरे, म्हणजे आमचे मामाजी, शेती करत. पण पंचक्रोशीत त्यांची ओळख होती ती भांड्यांमुळे. आमच्या समाजाची लग्नाची सामाईक भांडी त्यांच्या ताब्यात असत. दोन मोठे डेग, कढया, पराती, झारे, सतरंज्या आणि एक गॅसबत्ती, सगळं अंगणातल्या एका खोलीत. खोलीची किल्ली मामाजींच्या करदोड्याला. अंघोळीलासुद्धा ते ती काढत नसत. ह्याला कारण होतं. धम्म घेण्याआधी आमच्या लोकांच्या लग्नाला गावातून कोणी साधी परात देत नसे. मामाजींच्या स्वतःच्या लग्नात वरण मातीच्या मडक्यांत शिजलं होतं आणि निम्मी पंगत उपाशी उठली होती. धम्म घेतल्यावर आसपासच्या गावांनी वर्गणी करून ही भांडी घेतली आणि मामाजींच्या हवाली केली. ते डेग घासताना मी त्यांना पाहिलं आहे. आपल्या पोरांनाही त्यांनी इतक्या मायेने अंघोळ घातली नसेल.

भांडी हवी असली की लोक पत्र टाकत. मामाजी पत्र बोट ठेवून सावकाश वाचत, दुसऱ्यांदा वाचत आणि मग तारेत ओवत. तार म्हणजे खाली लाकडाची गोल चकती, मधून वर गेलेली लांब तार आणि टोकाला आकडा. अशी तार तेव्हा घरोघरी असे. लाइटबिल, सोसायटीची पावती, सोयरिकीचं कार्ड, सगळं तिच्यात. आलेला कागद वरून घालायचा. त्यामुळे खालचा हवा असला तर वरचे सगळे उतरवावे लागायचे.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "मामाजी, पुढच्या महिन्यात कोनाकोनाचे लग्न हायेत?"

"तारेत हायेत."

"तारेत त सगळेच हायेत."

"म्हनूनच त सांगून राह्यलो, तारेत हायेत."

मी चूल फुंकायला गेले.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. माझ्या लग्नाआधीच्या उन्हाळ्यात काय झालं ते त्यांनी मला सांगितलं. आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत, पंचांग धम्माबरोबरच सुटलं. मग लोकांनी स्वतःच्या सोयीचे दिवस धरले, आणि सगळ्यांच्या मनात एकच दिवस भरला, तो म्हणजे बुद्धपौर्णिमा. त्या वर्षी एकाने पत्रात पुनव लिहिली होती आणि दुसऱ्याने इंग्रजी तारीख. दोन्ही पत्रं तारेत ओवली गेली, पण दोन्ही दिवस एकच आहेत हे कोणाच्या लक्षात आलं नाही. लग्नाच्या सकाळी एका दारात भांडी पोचली, दुसऱ्या दारात वऱ्हाड पोचलं. त्या बिचाऱ्यांनी घरोघर फिरून पातेली गोळा केली. पुढे पंचांची बैठक बसली. रिसोडकडच्या एका गावचे मोठे पंच होते, त्यांनी सगळ्यांदेखत बजावलं की आणखी एकदा असं झालं तर भांडी केनवडातून उचलायची. मामाजी त्या दिवशी जेवले नव्हते.

हे ऐकलं आणि मला ती तार स्वस्थ बसू देईना. एका दुपारी मामाजी शेतात गेलेले पाहून मी ती उतरवली. वाचत गेले तसं डोकं चक्रावलं. एकाने नीट तारीख लिहिलेली. एकाने 'हनुमान जयंती झाली की चौथ्या दिवशी'. एकाने 'तुमच्याकडचा बाजार सोडून दुसऱ्या दिवशी'. एकाचा पोरगा मिलिटरीत, म्हणून 'सुटी मंजूर होईल त्या रविवारी'. त्यात एक आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय तृतीयेनंतरची पुनवही होती. प्रत्येक माणूस आपल्या घरातल्या घड्याळावर चालत होता. ह्या सगळ्यांना एका भाषेत आणायचं तर आधी तिथी आणि तारीख दोन्ही असलेलं कॅलेंडर हवं होतं. आमच्या घरात तेच नव्हतं, कारण ज्याच्यात तिथी असते त्याच्यावर देव असतो, आणि देवाचं चित्र मामाजी घरात येऊ देत नसत.

मी ह्यांना सांगितलं. वाशीमला कापूस घालायला गेले तेव्हा ह्यांनी अडत्याकडून फुकटचं कॅलेंडर आणलं. वर ही मोठी लक्ष्मी, कमळात उभी. मामाजींनी दारातच अडवलं.

"हे घरात नाई लागनार. पंचांग आमी सोडलं ते सोडलं. तू शिकेल पोरगी, अन् तूच ते वापस आनून राह्यली?"

"मले पंचांग नाई पाह्यजे मामाजी. पुनव कोन्या तारखेले येते एवढंच पाह्यजे. लोकं पुनव लिहून पाठवतेत, त्याले मी काय करू?"

"पुनव वरते दिसते. तिले कागद कायले लागते?"

"वरते दिसते तवा लगन दारात आलं राह्यते."

आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांना खोकला आला. मी कात्री घेतली आणि लक्ष्मी नीट कापून बाजूला काढली. दूध घालायला गावातली एक बाई यायची, तिला ती दिली. तिने डोक्याला लावून घरी नेली आणि चार दिवस दुधाचं माप चांगलं घातलं. आमच्याकडे नुसते महिने उरले, त्यांत बारीक अक्षरात तिथ्या. मामाजींनी तो कागद भिंतीला लावायची परवानगी मात्र दिली नाही.

भिंतीला नाही तर नाही. स्टेशनचे खण माझ्या डोळ्यांपुढे होते. आत्याबाईंनी पेटीतून आपलं जुनं लुगडं काढून दिलं. "ह्याच्या झोयीत माहे पोरं वाढले," म्हणाल्या, "तुहे खिसे काय, उलशे." उलशे म्हणजे इवलेसे. त्या लुगड्याचा मी एक लांब पडदा केला आणि त्यावर बारा खिसे शिवले, चार ओळींत तीन-तीन. कॅलेंडरचे महिने सुटे करून एकेका खिशाच्या वर टाचले. पत्र आलं की मी चहापत्तीच्या पुड्याच्या कागदाची चिठ्ठी करायची. वर इंग्रजी तारीख, खाली गाव आणि घर. पत्रात काहीही लिहिलेलं असो, पुनव असो की बाजार, आधी टाचलेल्या महिन्यावर बोट ठेवून त्याची तारीख करायची आणि मगच चिठ्ठी त्या महिन्याच्या खिशात जायची. तारेतली जुनी पत्रंही मी अशीच उतरवून घेतली.

मामाजींना ते पसंत नव्हतं. "तारच राहीन," ते म्हणाले. "ह्या घरची इज्जत लुगड्याच्या खिशात ठेवाची हाये काय?"

मी म्हटलं, "तारेतच ठेवा. मी निस्ती नक्कल ठेवते."

असे दोन कारभार एकाच घरात सुरू झाले. बैठकीत तार, चुलीच्या खोलीत पडदा. पत्र आधी त्यांच्याकडे जायचं, मग ते शेतात गेले की माझ्याकडे. ते घरी आले की आत्याबाई पडद्यावर घोंगडी टाकत. मामाजींना घोंगडीखाली काय आहे ते ठाऊक होतं, पण त्यांनी ती कधी उचलली नाही. म्हातारा हट्टी होता, पण डोळेझाक करणं त्यांना जमायचं.

आंब्यांना कैऱ्या धरल्या त्या दिवसांत एक पत्र आलं. रिसोडकडच्या त्याच मोठ्या पंचांचं होतं. मुलीचं लग्न, पंचवीस मे, रविवार, भांडी पाठवावी. मामाजींचा चेहरा उजळला. मागच्या वर्षी ज्या माणसाने चारचौघांत सुनावलं, तोच आज भांडी मागत होता. त्यांनी त्याच दिवशी कार्ड लिहून 'भांडी तुमचीच' म्हणून कळवलं आणि पोस्टात स्वतः टाकून आले. संध्याकाळी मी चिठ्ठी केली आणि मे महिन्याच्या खिशात घालायला गेले, तर पंचवीसची चिठ्ठी तिथे आधीच होती. शेजारच्या वाडीतली एक विधवा बाई, एकुलती एक पोरगी. तिने हिवाळ्यातच शाळेच्या मास्तरांकडून पत्र लिहवून घेतलं होतं. आखाजीनंतरची पुनव तिचीच.

कार्ड तर पोस्टात पडलं होतं. मी पडदाच काढला आणि मामाजींसमोर पसरला. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या, मे महिन्याचा कागद घेऊन अंगणात उजेडाला गेले आणि पंचवीसच्या चौकोनावर बोट ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. चौकोनात बारीक अक्षरात पौर्णिमा लिहिलं होतं.

"दोघायलेई हो म्हनलं म्या," ते म्हणाले. मग मला विचारलं, "पह्यलं कोनाचं आलं?"

माझ्या चिठ्ठ्यांवर लग्नाची तारीख होती, पत्र कधी आलं ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. बाईचं पत्र हिवाळ्यातलं हे मला आठवत होतं, पण पंचांपुढे माझी आठवण कोण मानणार? मी म्हटलं, "ते माह्या खिशाले नाई मालूम मामाजी. ते तुमच्या तारेले मालूम."

त्यांनी तार खाली घेतली. एकेक कागद उतरवत शेणाने सारवलेल्या जमिनीवर ओळीने मांडत गेले. पंचांचं पत्र अगदी वर होतं. बाईचं पार खाली निघालं, सोयरिकीच्या एका कार्डाच्या खाली. मामाजींनी ते हातात धरून ठेवलं.

आमचे हे म्हणाले, "बाबा, त्या बाईले सांगून पाहू. गरीब हाये, आयकन ते."

मामाजी एकदम कडाडले. मी त्यांना इतकं चिडलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. "गरीब हाये म्हनूनच आपल्यालेई नाई म्हनत होते लोकं. माह्या लग्नात कोनाच्या घरची परात भेटली होती? हे भांडे कायले घेतले मंग?"

मामाजींनी पंचांना निरोप धाडला की पुनवेला भांडी आधी मागणाऱ्याकडे जातील. हे असं कळवणं म्हणजे काय ते घरात सगळ्यांना समजत होतं. भांडी केनवडातून जाणार. आत्याबाई त्या दिवशी खोलीत जाऊन उगाचच डेगावरून हात फिरवून आल्या.

पंच आले, चार गावचे लोक घेऊन आले. विहारासमोर सतरंजी पसरली, तीही आमच्याच खोलीतली. वाडीची बाईही आली होती, बायकांत शेवटी बसलेली. पंचांनी खिशातून मामाजींचं कार्ड काढून सगळ्यांना दाखवलं. "लेखी हो हाये हे. मांगच्या वर्षी तेच, औंदा तेच. आता काय म्हन्ता?"

मामाजी उठले. एका हातात तार, दुसऱ्या हातात माझा पडदा. सगळ्यांसमोर त्यांनी दोन्ही सतरंजीवर ठेवले आणि मागे वळून म्हणाले, "सूनबाई, पुढं ये. तूच सांग."

मी डोक्यावरचा पदर सावरला आणि पुढे गेले. एकदा बोलायला लागले तशी भीती निघून गेली. तारेवरून दाखवलं, पहिलं पत्र कोणाचं. खिशावरून दाखवलं, दोन्ही दिवस एकच कसे. पंचांनी चष्मा लावला, मे महिन्याचा कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. पुनव पंचवीसलाच होती. तेवढ्यात वाडीची बाई उठून उभी राहिली. "लगन मांगं घेऊ आमी," ती म्हणाली, "मोठ्या मानसाच्या घरचं अडू नये."

माझं डोकं फिरलं. हिवाळ्यापासून जिने वाट पाहिली तिनेच मागे सरायचं? मी पंचांकडे वळले. "दादा, एक इचारू? तुमी मुहूर्त पाह्यला काय?"

सगळ्यांच्या माना पंचांकडे वळल्या. पंचांगं सोडा म्हणून गावोगाव सांगत फिरलेला हा माणूस.

"मी? मुहूर्त?" पंच गरजले. "कोन म्हन्ते?"

"मंग रविवारच काहून? आपल्याले त सगळे दिवस सारखे. रविवारी भांडे वाडीत जातीन, सोमवारी पहाटे तिथूनच तुमच्या दारात येतीन. तुमाले मुहूर्त असन त गोष्ट येगळी."

मागून कोणीतरी खुदकन हसलं. मग बायका हसल्या, मग पुरुष. पंचांचा चेहरा आधी लाल झाला, मिशा थरथरल्या, आणि पाहता पाहता तेही हसायला लागले. मोठ्याने, पोट धरून. "वाशीमची हाये काय हे? मले मुहूर्तात पकडलं ना! सोमवार त सोमवार. पत्रिका कुठं छापल्या हायेत अजून."

मग पडद्याभोवती जी गर्दी झाली ती काय सांगू. माझ्या पुतण्याचं कोणत्या खिशात? आमच्या पोरीचं पाहा बरं. एकाचं पत्र अजून यायचंच होतं, त्याने तोंडी दिवस सांगितला, तर तिथल्या तिथे आणखी एक जोडी सापडली, एप्रिलच्या एकाच दिवशी दोन गावं. दोघेही समोरच बसले होते. त्यांनी उभ्या उभ्या दिवस वाटून घेतले. उठताना पंचांनी मामाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भांडे केनवडलेच राह्यतीन. कोनी पुन्हा हे गोष्ट काढाची नाई." मामाजींनी मान हलवली आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मी पाहिलं हे त्यांना कळलं, तरी त्यांनी लपवलं नाही.

पुनवेला वाडीत लग्न झालं. दोन्ही डेग चढले, वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदी. कोणी उपाशी उठलं नाही. ती बाई वाढायला उभी राहिली आणि पहिली बुंदी तिने माझ्या पानात टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे भांडी बैलगाडीत चढली. वाडीहून रिसोडचा रस्ता केनवडच्या बाहेरून जातो. मामाजींनी गाडी मुद्दाम आत घातली. ज्या आळीतून त्यांच्या लग्नाला परात मिळाली नव्हती, त्या आळीतून डेग एकमेकांवर आपटत, झारे खणखणत, पराती वाजत गाडी गेली. लोक दारात आले. मामाजी पुढे ताठ बसले होते, कासरा हातात, आणि मी मागे सतरंज्यांवर. त्या गोंगाटात मला इतका आनंद झाला की मी एक परात उगाचच हाताने वाजवली.

रिसोडकडून परत आल्यावर मी जूनची चिठ्ठी घालायला पडद्याकडे गेले. पाहते तर पडदा बैठकीत आला होता, मामाजींच्या खुंटीवर, तारेच्या शेजारी. वर घोंगडी नव्हती. जूनच्या खिशात हात घातला तर बोटांना काहीतरी गार लागलं. बाहेर काढलं, तर ती भांड्यांच्या खोलीची किल्ली होती, करदोड्याच्या दोऱ्याचा तुकडा अजून तिला तसाच.

मी किल्ली हातात घेऊन अंगणात आले. मामाजी बैलांना पाणी पाजत होते. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"कागद मी तारेत टाकत जाईन," ते म्हणाले. "पन भांडे कोनाले कवा द्याचे, ते आता तू सांगाचं. मी गाडी हाकतो."